केवलादेवच्या पाणथळीतील तण : एका चराईबंदीचा इतिहास

मराठीतील 'तण' हा शब्द संस्कृत 'तृण' ह्या शब्दापासून, प्राकृतातील 'तण' ह्या रूपाच्या द्वारे आलेला आहे. प्राकृतात त्याचा अर्थ केवळ गवत असा होता. मराठीत तो अर्थ संकोच पावला, आणि पिकात न पेरता उगवलेले, म्हणून काढून टाकावयाचे, एवढाच भाग त्यात शिल्लक राहिला. हा संकोच शेतकऱ्याच्या दृष्टीतून घडला हे उघड आहे. निंदणी, खुरपणी, कोकणातील बेणणी हे ह्या शब्दाचे सोबती सर्वच्या सर्व कामाचे वाचक आहेत. वनस्पतिशास्त्राच्या वर्गीकरणात 'तण' नावाचे कुल नाही; ज्या शब्दाने वनस्पतीचा माणसाशी असलेला संबंध सांगितला जातो, त्याला तेथे स्थान असण्याचे कारणही नाही. एखादे गवत तण ठरावयाचे तर ते नको असणारा कोणीतरी असावा लागतो, आणि ते काढणाराही कोणीतरी असावा लागतो.

शेताच्या बांधाआड हा अर्थ निःसंदिग्ध असतो. परंतु जेथे पीकच नाही, जेथे जे उगवेल ते उगवू द्यावे असा संकल्प करून माणसाला बाहेर ठेवले आहे, अशा राखीव निसर्गक्षेत्रात तण कशाला म्हणावयाचे, आणि ते काढावयाचे कोणी? हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. राजस्थानातील भरतपूरजवळच्या केवलादेव घना ह्या पाणथळ उद्यानाच्या गेल्या काही दशकांच्या इतिहासात तो दोनदा, दोन भिन्न वनस्पतींच्या निमित्ताने उपस्थित झाला. आणि दोन्ही वेळा त्याचे उत्तर वनस्पतीच्या स्वभावापेक्षा भोवतालच्या गावांशी उद्यानाचे नाते कसे होते ह्यावर अधिक अवलंबून राहिले, असे त्या इतिहासावरून दिसते.

केवलादेव हे नाव तेथील शिवमंदिरावरून पडलेले आहे. 'घना' हे स्थानिक बोलीतील विशेषण. दाट, निबिड असा त्याचा अर्थ असून ते मूळचे 'घना जंगल' ह्या पदातील होय. विशेष्य गळून विशेषणच नाम होऊन बसावे, हा प्रकार भारतीय आर्यभाषांत नवा नाही. ह्या नावातील सूचना मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या स्थळाची आज जगभर ख्याती आहे ती तेथील उघड्या पाण्यामुळे व पाणपक्ष्यांमुळे. स्थानिकांनी त्याला दिलेले नाव मात्र कदंब, जांभूळ, बाभूळ ह्यांच्या राईवरून आलेले आहे.

हे उघडे पाणी सर्वस्वी निसर्गनिर्मित नाही. गंभीर व बाणगंगा ह्या नद्यांच्या संगमाजवळील एका खोलगट भूभागात पावसाळ्याचे पाणी पूर्वीपासून साचत असे हे खरे. परंतु त्याला तळ्याचे रूप आले ते अठराव्या शतकात, राजा सूरजमल ह्याच्या काळी अजान बांध घातला गेला तेव्हा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूर संस्थानचा कारभार पाहणारे मोरवीच्या राजघराण्यातील हरभमजी ह्यांनी येथे लहान बांध, पाट व दारे बांधून बदकांच्या शिकारीसाठी पाण्याची रीतसर व्यवस्था लावली. १९०२ साली लॉर्ड कर्झन ह्यांच्या उपस्थितीत पहिली मोठी शिकार झाली. १२ नोव्हेंबर १९३८ ह्या एका दिवशी लॉर्ड लिनलिथगो ह्यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. ही संख्या उद्यानातील दगडी फलकावर आजही कोरलेली आहे. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या ह्या क्षेत्रापैकी साधारणतः एकतृतीयांश भाग पावसाळ्यानंतर पाण्याखाली असतो. उरलेल्या भागात गवताळ माळ व झाडी आहे.

ह्या सर्व काळात गावोगावच्या म्हशी व गाई ह्या क्षेत्रात चरत होत्या. शिकारखान्याचे कागद लिहिणाऱ्यांनी पक्ष्यांची गणती केली, परंतु म्हशींकडे ते फारसे वळले नाहीत. म्हैस हा तेथे उल्लेखनीय प्राणीच नव्हता. जे रोजचे असते त्याची नोंद होत नाही, आणि ते नाहीसे झाले म्हणजेच त्याचे कार्य कळून येते. पुढे तसेच घडले.

स्वातंत्र्योत्तर काळात हा भाग कोरडा करून शेतीखाली आणावा अशी मागणी जोराने झाली. ती मान्य झाली नाही, ह्याचे पुष्कळसे श्रेय मुंबईचे पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली ह्यांच्या प्रयत्नांना आहे. १९५६ साली हे पक्ष्यांचे अभयारण्य झाले. तथापि शिकार लगेच थांबली नाही. शेवटची मोठी शिकार १९६४ साली झाली, आणि माजी संस्थानिकांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत चालू राहिला. ऑक्टोबर १९८१ मध्ये रामसार कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत ओडिशातील चिलिका सरोवराबरोबर केवलादेवचे नाव नोंदले गेले. त्याच सुमारास, १९८१-८२ मध्ये, अभयारण्याचे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९८५ मध्ये जागतिक वारसास्थळांत त्याची गणना झाली.

अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान ह्या दोन पदांतील भेद सामान्य वाचकाला केवळ प्रतिष्ठेचा वाटेल. कायद्यात तो फार मोठा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात चराईला मुभा देता येत असे. राष्ट्रीय उद्यानात मात्र ३५ व्या कलमाने गुरांची चराई सर्वथा निषिद्ध ठरते. येथे 'गुरे' ह्या पदाची व्याप्ती पाहण्यासारखी आहे. म्हैस, गाय, बैल, शेळी, मेंढी, उंट, गाढव हे सर्व त्यात समाविष्ट आहेत. पाण्यात शिरून पाणवनस्पती खाणारी म्हैस आणि माळावर झुडपांचे शेंडे ओरबाडणारी शेळी ह्यांत कायद्याच्या भाषेला भेद करता येत नाही. करण्याचे तिला प्रयोजनही वाटले नसावे, कारण ह्या कलमाचा विषय गुरे हा नव्हताच. विषय होता वन्य जीव, आणि जे वन्य नाही ते सर्व एका शब्दात कोंबून दाराबाहेर ठेवावयाचे होते.

उद्यानाभोवती सुमारे दोन मीटर उंचीची दगडी भिंत १९७७ ते १९८१ ह्या काळात बांधण्यात आली होती. बंदीपूर्वी सुमारे अडीच हजार गाई-म्हशी आत चरत असत. नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई एकाएकी बंद करण्यात आली. ज्या कुटुंबांचे दूधदुभते ह्या चाऱ्यावर अवलंबून होते, त्यांच्यासाठी दुसऱ्या कुरणाची सोय झालेली नव्हती. गावकरी गुरांसह भिंतीशी आले, पोलिसांशी झटापट झाली, आणि गोळीबारात त्यांच्यापैकी काही जण मृत्युमुखी पडले. मृतांचा आकडा निरनिराळ्या लेखनात निरनिराळा दिलेला आढळतो. पक्ष्यांच्या एका दिवसाच्या शिकारीचा आकडा दगडावर कोरला जावा आणि ह्या आकड्याबद्दल मात्र एकवाक्यता नसावी, ही विसंगती इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

बंदी घालणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. चराईने जमीन उघडी पडते, घरटी तुडवली जातात, रोपे वाढत नाहीत, हा त्या काळच्या वन्यजीवशास्त्रातील सर्वमान्य विचार होता. कोरड्या माळांवर त्याला पुरावाही होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ह्या १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेतील तज्ज्ञांचा, आणि स्वतः सालिम अलींचाही, कल चराई थांबविण्याकडे होता. राखीव क्षेत्र म्हणजे माणसाचा हात न लागलेले क्षेत्र, ही कल्पना त्या विचाराच्या मुळाशी होती. ज्या पाणथळीचा प्रत्येक बांध व प्रत्येक दार माणसाच्या हातचे, तिला ही कल्पना कितपत लागू पडते, हा विचार त्या वेळी कोणी केलेला दिसत नाही.

त्याच सोसायटीने १९८० पासून उद्यानाचा पर्यावरणशास्त्रीय अभ्यास हाती घेतलेला होता, आणि तो दहा वर्षे चालला. बंदीच्या आधीची दोन वर्षे व नंतरची आठ वर्षे असे दोन्ही कालखंड त्यामुळे एकाच अभ्यासाच्या कक्षेत आले. असा योग संशोधनात क्वचित येतो. ह्या अभ्यासाचा अंतिम अहवाल डॉ. व्ही. एस. विजयन ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये सिद्ध झाला. चराईच्या बंदीने पाणथळीचे हित झाले, असे त्यातून निघेल अशी अपेक्षा होती. निष्कर्ष नेमका उलट निघाला.

घडले ते असे. पॅस्पालम डिस्टिकम नावाचे एक बहुवर्षायू गवत उथळ पाण्यात वाढते. त्याची खोडे जमिनीवर व पाण्यावर आडवी पसरतात, पेराच्या गाठीगाठीला मुळे फुटतात, आणि तोडलेला तुकडाही पुन्हा जीव धरतो. म्हैस हे गवत आवडीने खाते. एवढेच नव्हे, तर ती छातीइतक्या पाण्यात शिरून खाते, लोळते, तुडवते, आणि गवताची जमलेली गादी फोडून पाणी मोकळे करते. गाय काठावरच थांबते. सुमारे दोनशे वर्षे म्हशी हे काम न सांगता करीत आल्या होत्या. त्यांना बाहेर काढल्यावर काही वर्षांतच गवताने उथळ पाणी झाकून टाकले. गवताच्या गादीखाली कुजणाऱ्या पाल्याने पाण्यातील प्राणवायू कमी होतो, मासे घटतात. उघड्या पाण्यावर उतरणाऱ्या बदकांना व चांदव्यांना जागा उरत नाही. पाण्याखालील कंद उकरून खाणाऱ्या पक्ष्यांची चोच तळापर्यंत पोहोचत नाही. उन्हाळ्यात हेच वाळलेले गवत वणव्याला इंधन पुरवते.

मग गवत काढण्याचे उपाय सुरू झाले. गावकऱ्यांना परवाने देऊन हाताने गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली, जाळूनही पाहिले, यंत्रेही आणली गेली. बुलडोझर म्हशीची जागा घेऊ शकतो काय, ह्या प्रश्नाची शास्त्रीय चर्चा होण्यापर्यंत मजल गेली. बेथ मिडल्टन ह्या अमेरिकन संशोधिकेचा केवलादेवच्या म्हशींविषयीच्या वादावरील १९९८ सालचा लेख ह्या विषयाच्या अभ्यासकांना परिचित आहे. कापलेले गवत पुन्हा फुटते, कारण पाण्याखालचा भाग विळ्याला सापडत नाही. जुलै १९९० मध्ये रामसार कराराच्या माँत्रो नोंदवहीत, म्हणजे ज्या पाणथळींचे स्वरूप बिघडत आहे त्यांच्या यादीत, केवलादेवचे नाव चढले. त्यासाठी दिलेल्या कारणांत पाण्याची टंचाई, चराईची असंतुलित व्यवस्था आणि पॅस्पालमचा प्रसार ह्या तिन्ही गोष्टी होत्या. विजयन ह्यांच्या अहवालाने म्हशींची मर्यादित चराई पुन्हा सुरू करण्याची शिफारस केली. कायद्याचे कलम मात्र तसेच राहिले, आणि बंदीही.

ह्या ठिकाणी दोन सावधगिरीच्या सूचना देणे अवश्य आहे. पहिली अशी की, सायबेरियन क्रौंच केवलादेवहून नाहीसा झाला तो ह्या गवतामुळे, असे विधान पुष्कळदा केले जाते. ते अतिव्याप्त आहे. १९६० नंतरच्या दशकात दोनशेच्या घरात येणारे हे पक्षी उत्तरोत्तर घटत गेले, आणि शेवटची जोडी २००१-०२ च्या हिवाळ्यात दिसली. हे पक्षी सायबेरियाहून अफगाणिस्तान व पाकिस्तान ह्या मार्गाने येत. त्या वाटेवरील शिकार हे त्यांच्या ऱ्हासाचे प्रमुख कारण मानले जाते. कंद झाकणाऱ्या गवताने त्यांच्या अडचणींत भर घातली, इतकेच म्हणणे युक्त होईल. दुसरी सूचना 'आक्रमक' ह्या विशेषणाविषयी. पॅस्पालम हे बंदीनंतर बाहेरून आलेले नव्हते. ते तेथे आधीपासून होते. बंदीपूर्वी ते म्हशीचा चारा होते, बंदीनंतर तण झाले. वनस्पती तीच राहिली. तिच्याशी व्यवहार करणारा गेला. ह्याला समांतर असे उदाहरण हिमालयातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स ह्या उद्यानात सापडते. तेथेही १९८२ नंतर मेंढपाळांची चराई बंद झाली, आणि स्थानिक लोक ज्याला 'अमेला' म्हणतात त्या पॉलिगोनम वर्गातील उंच वनस्पतीने फुलांच्या लहान जाती झाकण्यास आरंभ केला, अशी तक्रार होऊ लागली. बंदीचा व ह्या वाढीचा संबंध तेथे वादग्रस्त आहे. परंतु अमेला ही हिमालयाचीच वनस्पती, तिला परकी म्हणता येत नाही, ही गोष्ट निर्विवाद आहे.

केवलादेवचे दुसरे तण मात्र खरोखरीच परके आहे. प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा हे मेक्सिको, मध्य अमेरिका व कॅरिबियन प्रदेशातील काटेरी झाड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, १८७७-७८ च्या सुमारास, जमैकाहून आणलेल्या बियांपासून ते आंध्रातील कडप्पा भागात लावले गेले. सिंधमध्येही त्याच सुमारास त्याची लागवड झाली. कोरड्या प्रदेशात जळण मिळावे व वाळू थोपावी, हा उद्देश होता. १९४० साली जोधपूर संस्थानने ह्या झाडाला राजवृक्षाचा मान दिला आणि लोकांना त्याचे जतन करण्याचा आदेश दिला. कच्छमधील बन्नीच्या गवताळ प्रदेशात १९६१ पासून सरकारी वनखात्यानेच त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड केली. म्हणजे राज्यसंस्थेने हे झाड पेरले, पाळले आणि गौरविले, आणि नंतर त्याच राज्यसंस्थेला ते तण वाटू लागले.

ह्या झाडाची भारतीय भाषांतील नावे एकत्र ठेवून पाहिली म्हणजे त्याचा लोकांनी लिहिलेला इतिहास वाचावयास मिळतो. हिंदीत ते विलायती बबूल किंवा विलायती कीकर; तमिळमध्ये सीमै करुवेलम, म्हणजेही परदेशी बाभूळच; गुजरातीत गांडो बावळ आणि मराठीत वेडी बाभूळ. शास्त्रदृष्ट्या ते बाभूळ नव्हे. आपल्याकडील शमी, म्हणजे राजस्थानची खेजडी, ही त्याची खरी सगोत्र आहे. परंतु नवीन वस्तूला जुन्या वस्तूचे नाव द्यावयाचे आणि पुढे भेददर्शक विशेषण लावावयाचे, ही भाषेची रूढ रीत आहे. 'विलायती' हे विशेषणही तसेच सैल आहे. अरबी 'विलायत' म्हणजे सत्ता किंवा प्रांत. हिंदुस्थानात त्याचा अर्थ परमुलूख आणि पुढे इंग्लंड असा झाला. विलायती बाभूळ इंग्लंडात उगवत नाही, आणि मेक्सिकोहून आलेली विलायती चिंचही तेथे उगवत नाही. येथे विलायती म्हणजे 'साहेबाच्या अमदानीत आलेले' एवढेच समजावयाचे.

'वेडी' व 'गांडो' ही विशेषणे निराळ्या जातीची आहेत. त्यांत आगमनाची दिशा नसून वर्तनाचे वर्णन आहे : जे मर्यादा जाणत नाही ते वेडे. काही नावे तर सरळ दोषारोप करतात. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीला बंगालमध्ये जर्मन व सिलोनमध्ये जपानी म्हणण्यात आले. पुण्याच्या परिसरात १९५५-५६ च्या सुमारास नजरेस आलेल्या गाजरगवताला महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी काँग्रेस गवत म्हटले. ह्या नावांतून वनस्पतीच्या मूलस्थानाविषयी काहीच कळत नाही. त्या त्या वेळी लोकांचा राग कोणावर होता हे मात्र चांगले कळते. पॅस्पालमला मात्र असे एकही रागाचे नाव भरतपूरकडे पडलेले ऐकिवात नाही, हेही लक्षात घ्यावे. ज्यांची म्हैस ते खात होती, त्यांनी त्याला शिवी का द्यावी?

विलायती बाभळीचा केवलादेवमधील प्रसार पॅस्पालमच्या प्रसाराच्या अगदी उलट कारणांनी झाला. पॅस्पालम पाणी असते तेथे वाढते. विलायती बाभूळ पाणी सरते तेथे शिरते. तिच्या गोड शेंगा जनावरे खातात, आणि टणक कवचाचे बी पोटातून न मोडता बाहेर पडून शेणखतासह रुजते. नीलगाय, चितळ आणि भिंतीच्या आत राहून गेलेली बेवारस गुरे ही तिच्या बियांची वाहक होत. म्हणजे ज्या गुरांच्या अभावाने एक तण माजले, त्याच वर्गातील प्राण्यांच्या संचाराने दुसरे पसरते. चराई हितकर की अहितकर, हा प्रश्न असा सरसकट विचारला की त्याचे खरे उत्तर मिळत नाही, ते ह्यामुळेच. कोणते जनावर, पाणथळीच्या कोणत्या भागात, वर्षाच्या कोणत्या ऋतूत, हे विचारावे लागते. शेंगा पिकण्यापूर्वी पाण्यात उतरणारी म्हैस आणि उन्हाळ्यात माळावर शेंगा वेचीत फिरणारी गाय ह्यांचे परिणाम भिन्न आहेत. कायद्यातील 'गुरे' हे पद ह्या भेदाला पुरे पडत नाही. त्याचप्रमाणे बंदीच्या विरोधकांचे 'चराई पूर्ववत सुरू करा' हे वाक्यही त्याला पुरे पडत नाही.

ह्यात पाण्याची हकीकत मिळविल्यावाचून चित्र पूर्ण होत नाही. उद्यानाला वर्षाला सुमारे ५५ कोटी घनफूट पाणी लागते. हे पाणी मुख्यतः गंभीर नदीतून अजान बांधाच्या मार्गे येत असे. करौली जिल्ह्यात ह्या नदीवर बांधलेल्या पांचना धरणाने वरचे पाणी अडविले, आणि २००४ मध्ये धरणक्षेत्रातील शेतकऱ्यांच्या आंदोलनामुळे उद्यानासाठी पाणी सोडण्यात आले नाही. त्यातच अवर्षणाची वर्षे आली. जेथे तळी होती तेथे भेगाळलेली जमीन दिसू लागली. पूर्वी पावसाळ्यातील दीर्घ पुराने गुदमरून जाणारी विलायती बाभळीची रोपे आता जगू लागली. पुढे गोवर्धन नाल्याचे पुराचे पाणी नळाने आणण्याची योजना पूर्ण झाली, चंबळच्या पाण्याचाही आधार मिळाला, आणि पाणथळ पुन्हा भरू लागली. नदीच्या पाण्याबरोबर माशांची पिले व सूक्ष्म जीव येत असत. नळाने येणाऱ्या पाण्यात ती समृद्धी नसते, असे पक्षितज्ज्ञांचे म्हणणे आहे. तथापि पाणी असणे हेच बाभळीवरील पहिले औषध होते, ह्यात संशय नाही.

दुसरे औषध मनुष्यबळाचे होते. २००७ च्या सुमारास उद्यानाने विलायती बाभूळ समूळ काढण्याचे काम भोवतालच्या गावांतील परिसर-विकास समित्यांच्या साहाय्याने हाती घेतले. अट साधी होती : झाड मुळासकट खणून काढावयाचे, आणि लाकूड काढणाऱ्याने घेऊन जावयाचे. मुळासकट ही अट महत्त्वाची, कारण केवळ बुंधा तोडला तर ह्या झाडाला अनेक धुमारे फुटतात आणि एकाच्या जागी झुडूप उभे राहते. जमिनीखालचा गड्डा निघाला तरच ते मरते. खणण्याचे हे कष्ट लाकडाच्या किमतीतून भरून निघत. पैसा फारसा न खर्चिता काही चौरस किलोमीटर क्षेत्र मोकळे झाले, आणि माळांवर पुन्हा गवत दिसू लागले.

पंचवीस वर्षांपूर्वी जी भिंत ह्या गावांना बाहेर ठेवण्यासाठी उभी होती, तिच्याच दारांतून त्यांना कुदळी-कुऱ्हाडींसह आत बोलावण्यात आले. १९८२ मध्ये गावकऱ्यांचा चारा हा उद्यानाचा तोटा मानला गेला. २००७ मध्ये गावकऱ्यांचे जळण हा उद्यानाचा लाभ ठरला. दोन्ही वेळी ते आतून वनस्पतीच बाहेर नेत होते. फरक एवढाच की, दुसऱ्या वेळी त्या वनस्पतीला सरकारदरबारी आधीच तण हे नाव मिळालेले होते, आणि पहिल्या वेळी मिळावयाचे होते. पॅस्पालम १९८२ पूर्वीच 'आक्रमक तण' म्हणून नोंदले गेले असते, तर म्हशींच्या मालकांकडे त्या निर्बंधकाळात निराळ्या दृष्टीने पाहिले गेले असते काय, असा प्रश्न मनात येतो. परंतु ते तसे नोंदले जाणे शक्य नव्हते. म्हशी आत होत्या तोपर्यंत त्या गवताचे तणपण दृष्टीसच पडत नव्हते.

उद्यानाचे 'पुनरुज्जीवन' हा शब्द अलीकडच्या लेखनात वारंवार आढळतो. कोणत्या काळच्या केवलादेवचे पुनरुज्जीवन, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. सूरजमलच्या बांधापूर्वीच्या दलदलीचे म्हणावे, तर तेथे हे तळे नव्हते. हरभमजींच्या शिकारतळ्यांचे म्हणावे, तर त्यात म्हशी होत्या. १९८१ च्या उद्यानाचे म्हणावे, तर ते चराईबंदीपूर्वीचे की नंतरचे? प्रत्येक उत्तराबरोबर तणांची यादी बदलते. व्यवहारात जे उद्दिष्ट स्वीकारलेले दिसते ते असे की, हिवाळी पक्ष्यांना पुरेसे उघडे पाणी असावे, माळ गवताळ राहावेत, आणि करकोच्यांच्या घरट्यांसाठी पाण्यातील उंचवट्यांवरच्या देशी बाभळी टिकाव्यात. हे उद्दिष्ट वाजवी आहे. मात्र ते माणसाने ठरविलेले उद्दिष्ट आहे, आणि ते टिकविण्यास दरवर्षी माणसाचे श्रम लागतात.

सध्याची खरी अडचण ह्या श्रमांतच आहे. विलायती बाभळीची मोठी झाडे होती तोवर खणणाऱ्याला लाकूड मिळत होते. ती संपली, आणि जमिनीत साठलेल्या बियांतून दर पावसाळ्यानंतर बोटभर उंचीची रोपे उगवत राहतात. ही रोपे उपटणे सर्वांत सोपे. पण त्यांना जळण म्हणून काहीच किंमत नाही. जी व्यवस्था लाकडाच्या मोबदल्यावर उभी राहिली, तिला तिच्याच यशाने आधार उरत नाही. झाडे पुन्हा मनगटाएवढी जाड होईपर्यंत वाट पाहावी, तर तोवर त्यांना शेंगा येऊन जातात. म्हणून रोपे असतानाच, मजुरी देऊन, वर्षानुवर्षे खुरपणी करावी लागते. आणि ती मजुरी कोणत्या खर्चातून द्यावयाची व खुरपे कोणाच्या हाती द्यावयाचे, हे उद्यानाला दर वर्षी पाऊस ओसरल्यावर नव्याने ठरवावे लागते.